हमीचें भांडवल : ‘जी. आय. पी.’च्या करारनाम्याचें परीक्षण

हिंदुस्थानांत आगगाडी ब्रिटिश भांडवलानें आणली, हें वाक्य शाळेंतील क्रमिक पुस्तकांपासून पंडितांच्या ग्रंथांपर्यंत इतक्या वेळां लिहिलें गेलें आहे कीं, त्याचा नेमका अर्थ काय, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. उलट पक्षाचें वाक्यहि तितकेंच अंगवळणीं पडलेलें आहे. तें म्हणजे, आगगाडीनें हा देश धुऊन नेला. दोन्ही वाक्यें मूळ कागद न पाहतां उच्चारतां येतात, आणि त्यांच्या दीर्घायुष्याचें कारणहि बहुधा हेंच असावें. सनद, महजर किंवा तहनामा हातीं आला म्हणजे त्यांतील एकेका कलमावर, प्रसंगीं एकेका अक्षरावर वाद घालण्याची आमच्या वाचकांस संवय आहे. तीच कसोटी तारीख १७ ऑगस्ट १८४९ रोजीं लंडन येथें ईस्ट इंडिया कंपनी व ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांच्यामध्यें झालेल्या करारनाम्यास लावावी, आणि या विषयावरील प्रमुख ग्रंथकारांनीं कोठवर मजल मारली आहे हें पाहावें, असा आमचा हेतु आहे.

या विषयाचा पाया घालणारा ग्रंथ म्हणजे डॅनियल थॉर्नर या अमेरिकन विद्वानाचा ‘इन्व्हेस्टमेंट इन एम्पायर’ हा होय. तो १९५० सालीं फिलाडेल्फिया येथें प्रसिद्ध झाला. १८२५ पासून १८४९ पर्यंत हिंदुस्थानकडे येणाऱ्या आगबोटी व हिंदुस्थानांत घालावयाचे लोहमार्ग यांसाठीं लंडनमध्यें ज्या खटपटी झाल्या, त्यांचा हा इतिहास आहे. हिंदी व्यापाराच्या पेढ्या, आगबोटवाले आणि स्वस्त कापसासाठीं आसुसलेले लँकेशायरचे गिरणीवाले यांनीं मिळून कंपनीच्या डायरेक्टरांवर कसें दडपण आणलें, आणि १८४७ च्या आर्थिक अरिष्टानंतर कोणी भाग घेईना तेव्हां सरकारी हमीची मागणी कशी नेटानें लावून धरली, हें थॉर्नर यांनीं दाखविलें आहे. जी. आय. पी.चे प्रवर्तक जॉन चॅपमन यांची दृष्टि प्रथमपासून कापसाच्या मुलखावर होती. पुढें १८५१ सालीं हिंदुस्थानचा कापूस व व्यापार याच विषयावर त्यांनीं पुस्तक लिहिलें. वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आला तो १८५३ सालीं, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली त्याच सालीं. हा योगायोग केवळ पंचांगांतला नव्हे.

थॉर्नर यांचा ग्रंथ उत्तम आहे, तथापि ज्या दिवशीं करारावर सह्या होतात त्याच दिवशीं तो संपतो. दडपण कोणीं आणलें हें त्यावरून कळतें. पण त्या दडपणाखालीं जो कागद झाला त्यानें पुढील शंभर वर्षें काय केलें, हें पाहण्यास दुसरीकडे जावें लागतें. आमच्या मतें खरा इतिहास तेथूनच सुरू होतो.

कागदांत काय होतें? कंपनीनें प्रथम ५ लक्ष पौंड भांडवल उभारावयाचें होतें. त्या भांडवलावर दरसाल दरशेंकडा ५ प्रमाणें व्याजाची हमी सरकारनें घेतली. मार्ग पुरा होऊन उत्पन्न येऊं लागेपर्यंत थांबावें, असेंहि नाहीं. पैसा भरला त्या दिवसापासून व्याज सुरू. जमीन ९९ वर्षांसाठीं फुकट. नफा शेंकडा ५ च्या वर गेला तर जादा नफ्याचा निम्मा हिस्सा सरकारनें आगाऊ दिलेल्या व्याजाच्या फेडीकडे व निम्मा भागीदारांस. २५ किंवा ५० वर्षांनीं मार्ग विकत घेण्याचा अधिकार सरकारला होता; मात्र किंमत ठरावयाची ती मागील तीन वर्षांत भागांचा बाजारांत जो सरासरी भाव असेल त्यावर. आणि सर्वांत महत्त्वाचें कलम असें कीं, मार्ग पुरा झाल्यावर धंदा आंतबट्ट्याचा आहे असें वाटल्यास कंपनीनें सहा महिन्यांची सूचना द्यावी, मार्ग सरकारच्या पदरांत टाकावा, आणि घातलेलें सर्व मुद्दल परत घ्यावें. हिशेबासाठीं रुपयाचा भाव १ शिलिंग १० पेन्स असा बांधून दिलेला होता.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींतील मामलतींचे मक्ते आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. त्या मक्त्यांची निंदा इंग्रज ग्रंथकारांनीं पोटभर केली आहे, व ती बव्हंशीं यथार्थच आहे. परंतु मक्तेदारास निदान एक धास्ती असे : महाल कमी पिकला तर भरणा पदरचा करावा लागे. पहिल्या बाजीरावास मोहिमेसाठीं कर्ज देणाऱ्या सावकारासहि मोहीम फसण्याची धास्ती असे; त्या कर्जाच्या तगाद्यानें तो पराक्रमी पुरुष कसा गांजून गेला होता, हें ब्रह्मेंद्रस्वामीस लिहिलेल्या त्याच्या पत्रांवरून सर्वविश्रुत आहे. १८४९ च्या करारानें मक्तेदाराची धास्ती आणि सावकाराची धास्ती या दोन्हीहि नाहींशा केल्या. व्याज गेलें तर तें हिंदुस्थानच्या वसुलांतून भरून यावयाचें, आणि त्या काळीं वसूल म्हणजे मुख्यत्वें जमिनीचा सारा. तेव्हां भाग घेणारा लंडनचा गृहस्थ कागदोपत्रीं आगगाडीचा भागीदार असला, तरी वास्तविक तो रयतेच्या साऱ्यावर पैसा लावणारा गहाणदार होता. आगगाडी चालो अथवा न चालो, त्याचें तारण शाबूत होतें.

याचा परिणाम खर्चावर व्हावयाचा तोच झाला. मैलामागें सुमारें ८ हजार पौंडांत काम होईल, असा डलहौसीच्या काळचा अंदाज होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहूनहि अधिक झाला. बोरघाटाचें अवघड काम त्यांत होतें हें खरें. १८५६ पासून १८६३ पर्यंत चाललेल्या त्या कामावर ऐन भरांत ४० हजारांवर मजूर खपत होते, २५ बोगदे खोदावे लागले, आणि मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कली याची कर्तबगारी कोणीहि नाकारणार नाहीं. पण खर्च घाटांतच वाढला असें नाहीं, सपाटीवरहि वाढला. विल्यम मॅसी हा १८६५ ते १८६८ या काळांत हिंदुस्थान सरकारचा फडणीस होता. त्यानें १८७२ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें जी साक्ष दिली ती आमच्या कोणाहि देशभक्ताच्या व्याख्यानाहून तिखट आहे. भांडवलवाल्यास आपलें शेंकडा ५ पोंचल्याशीं कारण. त्याचा पैसा विटाचुन्यांत गेला काय आणि हुगळीच्या पात्रांत गेला काय, त्यास सारखेंच, असा त्या साक्षीचा आशय होता. रमेशचंद्र दत्त यांनीं आपल्या व्हिक्टोरियाकालीन आर्थिक इतिहासांत ही साक्ष उजेडांत आणली, हा त्यांचा मोठा उपकार होय.

आतां हमीच्या समर्थकांचें म्हणणें पाहूं. हमी नसती तर भांडवल आलेंच नसतें, असें ते म्हणतात. डब्ल्यू. जे. मॅक्फर्सन यांचा १९५५ सालचा निबंध या पक्षाचा सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला लेख आहे. १८७५ पर्यंत सुमारें साडेनऊ कोटि पौंड हिंदी रेल्वेंत गुंतले; एकाच देशांतील एकाच उद्योगांत त्या शतकांत परदेशचा एवढा पैसा क्वचितच गुंतला असेल. भाग घेणारे विधवा, धर्मोपदेशक, वकील, पेन्शनर लष्करी अधिकारी असे सावध लोक होते. हिंदी भागीदार शेंकडा एकाहूनहि कमी. अशा लोकांना हमीवांचून गंगेचा किंवा भीमेचा नुसता नकाशा दाखवून पैसा मिळाला नसता, हें आम्हांसहि पटतें. परंतु त्यावरून कोणासहि हमीवांचून मिळाला नसता, असें सिद्ध होत नाहीं. इंडिया ऑफिसांतील सार्वजनिक बांधकामाचा सेक्रेटरी थॉर्नटन यानें त्याच १८७२ च्या कमिटीपुढें सांगितलें कीं, हमी देऊं केली नसती तर कदाचित् बिनहमीचा पैसाहि हिंदुस्थानांत आला असता. गोड फळ हाताशीं टांगलें असतां झाडावर कोण चढेल? आणि मुंबईकडे पाहावें तर पहिली गाडी सुटल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८५४ सालीं, कावसजी दावर यांनीं मुंबईच्याच पैशानें कापसाची गिरणी काढण्याचा उद्योग मांडला. त्यास कोणी हमी दिली नव्हती. पुढें मुंबईचा गिरणीधंदा वाढला तो मुख्यतः एतद्देशीय भांडवलावरच. आगगाडीसाठीं १८४५ सालीं मुंबईंत जी खटपट झाली तींत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हे अग्रभागीं होते. त्यांच्या वर्गास आगगाडी नको होती असें नाहीं. शेंकडा ५ हें व्याज मुंबईच्या सावकारी दरापुढें फिकें होतें, आणि कंपनीचा कारभार लंडनच्या बोर्डाकडे होता.

येथें एका गोष्टीकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे. कारण ती ध्यानांत घेतल्यावांचून ‘भांडवल आलें’ या शब्दांचा अर्थच लागत नाहीं. भाग घेणाऱ्यानें पौंड भरला तो लंडनमध्यें, कंपनीच्या खजिन्यांत. रूळ, पूल, इंजिनें यांसाठीं जेवढें विलायतेंत खर्चावयाचें तेवढें तेथेंच खर्ची पडे, आणि हा भाग एकंदर भांडवलाच्या एक तृतीयांशाहून अधिक होता. उरलेला पैसा जहाजांत घालून मुंबईस आणला जात नसे. कंपनीला, व १८५८ नंतर स्टेट सेक्रेटरीला, लंडनमध्यें जो खर्च दरसाल करावा लागे, म्हणजे पेन्शनें, कर्जाचें व्याज, फौजेचा खर्च, तो या ठेवींतून भागे. आणि हिंदुस्थानांत तेवढे रुपये इकडच्या खजिन्यांतून रेल्वे कंपनीस मिळत. म्हणजे बोरघाटांत मुरूम वाहणाऱ्या मजुराच्या हातीं पडलेला रुपया बहुधा पुणें, सोलापूर अथवा खानदेश येथील वसुलाचाच होता. विलायतचा पौंड विलायतेंतच राहिला, आणि त्यावरील व्याज मात्र इकडे चढत गेलें.

लीलंड जेंक्स यांच्या १९२७ सालच्या ब्रिटिश भांडवलाच्या स्थलांतरावरील ग्रंथांत हिंदी रेल्वेवर एक मार्मिक प्रकरण आहे. अमेरिका, युरोप, मिसर, तुर्कस्थान यांच्या शेजारीं हिंदुस्थानला बसवून पाहिल्यामुळें जेंक्स यांस जें दिसलें तें इतरांस दिसलें नाहीं. तरी आमच्या मतें वरील विनिमयाचा अर्थ दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे, व तो पुरतेपणीं कोणींच काढलेला नाहीं. ‘भांडवल आलें’ म्हणणारांना हें सांगावें लागेल कीं, हिंदुस्थानांत मालाच्या रूपानें आलें तें मुख्यतः लोखंड. आणि ‘धन वाहून गेलें’ म्हणणारांनाहि हें कबूल करावें लागेल कीं, ज्या वर्षीं रेल्वेचा पैसा लंडनमध्यें जमा होत होता त्या वर्षीं तेवढ्यापुरता लंडनकडे जाणारा खंडणीचा ओघ थांबला होता. तो पुढें, व्याजासह, वाहूं लागला. कर्ज काढून खंडणी भरल्यासारखा हा प्रकार आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासांत असल्या प्रकाराचे परिणाम शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं.

बांधून दिलेल्या भावाची गोष्ट याहून वाईट. १८७३ नंतर चांदी उतरूं लागली, आणि जो रुपया सुमारें २ शिलिंगांचा होता तो १८९४-९५ सालीं १ शिलिंग १ पेन्सवर आला. करारांतील भाव मात्र २२ पेन्सच. जादा नफ्याची वांटणी या कागदी भावानें व्हावयाची, आणि बाजारांतील तफावत सरकारनें, अर्थात् करदात्यानें, सोसावयाची. १८४९ सालीं चांदी उतरेल हें कोणास दिसत नव्हतें, म्हणून करार करणारांस यांत दोष देतां येत नाहीं. पण न दिसणाऱ्या संकटाचा भार आगाऊच एका पक्षाच्या माथीं लिहून ठेवला होता, हें खरें.

इतकें म्हटल्यावर आमच्याच पक्षाच्या मंडळींविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. दादाभाई नौरोजी यांचें नांव घेऊन परकीय भांडवलाचा सरसकट धिक्कार करण्याची रीत पडली आहे. दादाभाईंचें म्हणणें तसें नव्हतें. रेल्वेचा फायदा इतर देशांत तेथल्या लोकांनाच मिळतो, हिंदुस्थानांत मात्र व्याज व मोठे पगार परदेशीं जातात, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे आक्षेप अटींवर होता, आगगाडीवर नव्हता. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत गणेश व्यंकटेश जोशी यांनीं रेल्वेविस्तारावर कडक टीका केली, पण ती आंकडे मांडून केली. रानडे तर याहून पुढें गेले. १८९० सालीं पुण्याच्या औद्योगिक परिषदेंत डच लोकांच्या जावांतील पद्धतीवर निबंध वाचतांना, सरकारनें स्वस्त व्याजानें पैसा उभारून तो एतद्देशीय उद्योगांस कर्जाऊ द्यावा, असें त्यांनीं सुचविलें. खंडणीच्या वादांत गुंतून उद्योगाचा मार्ग चुकूं नये, ही त्यांची चिंता होती. त्या निबंधाचा विचार या वादांत फारच थोड्यांनीं केला आहे.

शिवाय आगगाडीनें कांहींच दिलें नाहीं, असें म्हणण्यास आतां जागा उरलेली नाहीं. डेव्ह डोनाल्डसन यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत मिठाच्या भावांवरून वाहतुकीचा खर्च काढून असें दाखविलें आहे कीं, ज्या जिल्ह्यांत लोहमार्ग पोंचला तेथील शेतीचें खरें उत्पन्न सुमारें शेंकडा १६ नीं वाढलें. जिल्ह्याजिल्ह्याचीं दप्तरें धुंडाळून केलेलें हें काम आदरास पात्र आहे. मात्र तें ज्या प्रश्नाचें उत्तर देतें तो प्रश्न निराळा. आगगाडीचा उपयोग किती, हें त्यावरून कळतें. तीच आगगाडी याहून बऱ्या करारानें आली असती किंवा नाहीं, आणि तिच्याबरोबर जें यावयास हवें होतें तें कां आलें नाहीं, हें कळत नाहीं. या निबंधाचा हवाला देऊन हमीच्या पद्धतीचें मंडन करणारे लेखक आमच्या पाहण्यांत आले आहेत. त्यांनीं निबंध पुन्हा वाचावा.

जें यावयास हवें होतें तें म्हणजे यंत्र करण्याची विद्या. १८६५ ते १९४१ या काळांत हिंदी रेल्वेंसाठीं सुमारें १२ हजार इंजिनें ब्रिटनहून आलीं; त्याच काळांत हिंदुस्थानांत तयार झालीं तीं सातशेंच्या घरांत. जपानकडे पाहिलें म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. जपाननेंहि १८७० सालीं लंडनमध्येंच १० लक्ष पौंडांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें काढलें, आणि १८७२ सालीं टोकियो-योकोहामा मार्ग सुरू केला. व्याज आपल्याहून जबर. त्या कर्जाची व्यवस्था करणाऱ्या लेनें आपला लाभ मध्यें राखून ठेवला आहे, असें दिसून येतांच जपानी सरकारनें त्यास दूर केलें. १८७३ सालीं आणखी एक कर्ज काढलें, आणि त्यानंतर सुमारें पाव शतक परदेशीं कर्जाचें नांव काढलें नाहीं. १८८० सालीं ओसाकायामाचा बोगदा जपानी इंजिनीयरांनीं परक्यांच्या मदतीवांचून पुरा केला. १८८१ सालीं निघालेल्या निप्पॉन रेल्वे कंपनीस तेथील सरकारनेंहि हमी दिली, ती चांगली शेंकडा ८ ची! पण भागीदार जपानी होते. रयतेकडून गेलेलें व्याज देशांतच राहिलें, आणि पुन्हा धंद्यांत पडलें. म्हणून हमी ही वस्तु स्वतःच वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. ती कोण देतो, कोणास देतो, आणि देणाऱ्यास नाहीं म्हणण्याची मोकळीक असते कीं नाहीं, यावर तिचें फळ अवलंबून असतें. पेनसिल्व्हानियानें तर १८४२ सालीं लंडनच्या सावकारांचें व्याज थकविलें. सिडने स्मिथसारख्या विनोदी धर्मोपदेशकानें त्यावर अर्ज लिहून जगभर बोभाटा केला, परंतु त्या पैशानें खणलेले कालवे पेनसिल्व्हानियांतच राहिले. हिंदुस्थानला कर्ज बुडविण्याची मोकळीक असावी असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. पैसा लावणारास बुडण्याची भीति होती तेथें आणि नव्हती तेथें, एवढाच भेद दाखवावयाचा आहे.

हा विषय केवळ जुन्या दप्तरांतला नाहीं, हें महाराष्ट्रानें अलीकडे अनुभवलें आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागर तालुक्यांतील दाभोळ वीज प्रकल्पासाठीं एन्रॉनच्या कंपनीशीं १९९३ सालीं राज्य वीज मंडळानें जो करार केला, त्यांतहि विजेचा दर डॉलरशीं बांधलेला होता, राज्याची हमी होती, आणि तिच्यामागें केंद्र सरकारची प्रतिहमी होती. १९९९ सालीं पहिला टप्पा सुरू झाला, आणि २००१ सालीं मंडळानें वीज घेणें बंद केलें. रुपया उतरण्याचा भार कोणावर, हें त्या करारांत लिहितांना २२ पेन्सांची आठवण कोणास झाली होती किंवा कसें, नकळे.

जी. आय. पी.ची शेवटची गोष्ट सांगावयाची राहिली. ईस्ट इंडियन रेल्वे सरकारनें १८८० च्या सुमारास घेतली, ती १०० पौंडांच्या भागास १२५ पौंड देऊन. कारण हमी असलेल्या भागाचा बाजारभाव हमीमुळेंच चढलेला होता, आणि करारानें तोच भाव द्यावयाचा होता. जी. आय. पी. १९०० सालीं विकत घेतली. रोख पैसा न देतां मूळ कराराच्या ९९ वर्षांपैकीं जीं उरलीं तितकीं वर्षें भागीदारांस वार्षिक हप्ते द्यावे असें ठरलें. त्याकरितां लंडनमध्यें वर्षासनाचे रोखे निघाले. १९२५ सालीं मार्गाचा कारभारहि सरकारनें आपल्याकडे घेतला, तरी हप्ते चालूच होते. त्यांची मुदत १७ ऑगस्ट १९४८ रोजीं संपली, तेव्हां स्वातंत्र्यास एक वर्ष व दोन दिवस झाले होते.